दहा हजार रुपयांची थंडी

डिसेंबर उजाडला की आपल्या फोनवर बुखारी पेटते. पत्र्याचं एक उभं पिंप, त्यातून छताकडे गेलेलं नळकांडं, वर वाफाळणारी किटली, शेजारी लोकरीचे मोजे घातलेले दोन पाय आणि खिडकीबाहेर बर्फ. मागे हळुवार गिटार. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘आयुष्यात अजून काय हवं?’

मला या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. जाड भिंत हवी. दक्षिणेकडे मोठी काच हवी. आणि ती किटली भरणाऱ्या बाईला सकाळी आणखी तासभर झोप हवी.

मी लेहजवळच्या एका गावात, शाळेतल्या मुलांना गणित शिकवत, दोन हिवाळे काढले. त्यामुळे बुखारी ही माझ्यासाठी शोभेची वस्तू उरलेली नाही. लेह समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. जानेवारीत रात्रीचं तापमान उणे १५, कधी त्याहूनही खाली जातं. वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पडतो. म्हणजे हे वाळवंट आहे, फक्त थंड. वाळवंटात जंगल नसतं. ओढ्याकाठी, पाटाच्या पाण्यावर लोकांनी स्वतः लावलेले विलो आणि पॉपलर, एवढंच तिथलं लाकूड. बाकी जळण म्हणजे शेण. गाईचं, झोचं, याकचं. ते उन्हाळाभर कुरणांतून वेचायचं, वाळवायचं आणि गच्चीवर रचायचं. मी ज्या घरात राहायचो तिथल्या आमाले, म्हणजे घरातल्या आई, जूनपासूनच जानेवारीची तयारी करत. आपण आंबे खात असतो तेव्हा.

बुखारी पेटवायला उठणारं माणूस घरात सगळ्यात आधी उठतं, आणि सगळ्यात थंड खोलीत उठतं. राख काढायची, काटक्या रचायच्या, नळकांड्यात काजळी साचली असेल तर ती झाडायची. ती साचू दिली तर धूर उलटा खोलीत येतो. आणि धुरासोबत कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो, ज्याला ना रंग ना वास. दर हिवाळ्यात उत्तर भारतातून बातम्या येतात, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. त्या बातमीवर गिटार वाजत नाही.

तर माझं पहिलं भांडण या रीलवाल्यांशी आहे. लडाखला हिवाळ्यात चादर ट्रेकसाठी जाणाऱ्यांत मराठी मंडळी भरपूर असतात, आणि मला त्यांच्या जाण्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण होमस्टेमध्ये उतरल्यावर ‘आमच्या खोलीत वेगळी बुखारी लावा’ हा हट्ट मी कानांनी ऐकलेला आहे. तिथलं कुटुंब हिवाळ्यात एकाच खोलीत राहतं. स्वयंपाक, अभ्यास, जेवण, झोप, सगळं एकाच आगीभोवती, कारण दुसरी आग परवडत नाही. आपण दोन रात्रींचे पैसे मोजून त्यांना दुसरी आग लावायला सांगतो आणि वर त्याला ‘साधं जगणं’ म्हणतो. साधं जगणं त्या एका खोलीत चाललेलं असतं. आपण मागितली ती चैन.

माझं दुसरं भांडण मात्र जास्त मोठं आहे, आणि ते आपल्यातल्याच शहाण्या, पर्यावरणाची काळजी असलेल्या लोकांशी आहे. त्यांचं म्हणणं सोपं असतं: लाकूड जाळणं वाईट, धूर वाईट, बंद करा. धूर वाईट आहे, यात वादच नाही. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं मेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. काश्मीरमध्ये फिरनच्या आत धरायच्या कांगडीमुळे पोटाच्या आणि मांडीच्या त्वचेला होणाऱ्या कर्करोगाला वैद्यकशास्त्रात स्वतःचं नावच आहे, ‘कांगडी कॅन्सर’. ऊब मिळवण्यासाठी माणसं काय किंमत मोजतात हे त्यावरून कळावं. पण ‘बंद करा’ म्हणणाऱ्याने पुढचं वाक्यही बोललं पाहिजे. बंद करून काय करा?

गॅस, असं उत्तर येतं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे सुरू झाली. चांगली योजना. माझ्या आजीच्या पिढीने फुंकणीने फुंकत डोळे घालवले, तिच्या लेकीसुनांना शेगडीचं बटण मिळालं, याचं मोल मी कमी करणार नाही. पण ही योजना स्वयंपाकाची आहे. सपाटीवरच्या माणसाला चूल म्हणजे स्वयंपाक, म्हणून चूल गेली की प्रश्न मिटला. डोंगरात चूल दोन कामं करते. ती भात शिजवते आणि ती घर गरम ठेवते. गॅसने पहिलं काम होतं, दुसरं होत नाही. शिवाय सिलिंडरमधला ब्यूटेन शून्याच्या खाली गेलं की वायू व्हायलाच तयार नसतो. ज्योत मिणमिणते. मग लोक सिलिंडर गरम पाण्याच्या परातीत ठेवतात, जे करू नये हे त्यांनाही माहीत असतं. म्हणून घरात लाल सिलिंडर येतो आणि गच्चीवरच्या गोवऱ्यांची रास तशीच राहते. मग शहरातून कुणीतरी विचारतं, ‘गॅस दिला तरी हे लोक लाकूड का जाळतात?’ जणू ती त्यांची खोड आहे.

वीज, असं दुसरं उत्तर येतं. लेहची स्थानिक वीज मुख्यतः सिंधूवरच्या निमू-बाजगो प्रकल्पातून येते. ४५ मेगावॉटचा प्रकल्प, पण तो नदीवर चालतो, आणि नदी हिवाळ्यात आटते. हीटर लावायची गरज सगळ्यात जास्त असते नेमकं तेव्हा पाणी सगळ्यात कमी असतं. २०१९ साली श्रीनगर-लेह वाहिनी सुरू झाली आणि लडाख राष्ट्रीय ग्रिडला जोडलं गेलं, त्यामुळे परिस्थिती सुधारली. तरी उणे १५ मध्ये गळक्या घरात हीटर लावणं म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरणं. नळ मोठा केला म्हणून भोक बुजत नाही.

म्हणून आता भोकाकडे बघू. मुलांना जो हिशोब फळ्यावर करून दाखवायचो तोच इथे करतो. अवघड नाही, सातवी-आठवीचा आहे.

एक खोली घ्या. तिच्या बाहेरच्या भिंती आणि छप्पर मिळून ५० चौरस मीटर. आत १५ अंश, बाहेर उणे १०, म्हणजे फरक २५ अंशांचा. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकच्या भिंतीतून प्रत्येक चौरस मीटरला, प्रत्येक अंशाच्या फरकाला, साधारण अडीच वॉट उष्णता बाहेर जाते. गुणाकार केला तर तीन हजार वॉटच्या थोडं वर. बुखारी दिवसाला १० तास चालवली तर ३१ युनिट उष्णता लागली. वाळलेल्या एका किलो लाकडात सुमारे ४ युनिट असतात, आणि पत्र्याच्या साध्या बुखारीत त्यातली निम्मी नळकांड्यातून आकाशात जातात असं धरू. म्हणजे रोज साडेपंधरा किलो लाकूड. दीडशे दिवसांचा हिवाळा धरला तर सव्वादोन टनांच्या वर.

आता तीच खोली, तेच छप्पर, तीच बुखारी, पण दीड फूट जाड मातीच्या विटांचं बांधकाम. जुनी लडाखी घरं अशीच असत, खाली गुरं, वर माणसं, छपरावर मातीचा थर. उष्णता निम्मी जाते. लाकूड निम्मं लागतं, रोज साडेसात किलो. आणि याच भिंतीला, छपराला पेंढा, भुसा किंवा थर्माकोलचं चांगलं अस्तर मिळालं तर? रोज तीन किलो. दारं-खिडक्यांच्या फटींतून जाणारी हवा मी यात धरलेलीच नाही, ती धरली तर आकडे वाढतील, पण गोष्ट बदलणार नाही. साडेपंधरा किलो आणि तीन किलो यांच्यातला फरक बुखारीच्या ब्रँडमुळे पडत नाही, लाकूड जाळणाऱ्याच्या संस्कारांमुळेही पडत नाही. तो भिंतीमुळे पडतो. धूर कमी, पाठीवरचं ओझं कमी, विलोची झाडं शिल्लक, आमालेंची एक तासाची झोप शिल्लक.

मग भिंतीसाठी आपण, म्हणजे आपलं सरकार, काय करतो?

प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना २०१६ साली आली तेव्हा सपाटीवर घर बांधायला १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार असा दर ठरला. हा फरक नीट वाचा. दहा हजार रुपये. सिमेंट खिंडी ओलांडून आणायचं, बांधकामाचा हंगाम जेमतेम पाच महिन्यांचा, आणि हिवाळा उणे वीसचा, या सगळ्याची सरकारी किंमत दहा हजार. या पैशांत अस्तर येत नाही, दुहेरी काच येत नाही. तेवढ्यात येते ती पातळ भिंत. ज्या भिंतीला रोज साडेपंधरा किलो लाकूड लागतं ती.

नियम नाहीत असंही नाही. २०१८ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने ‘इको निवास संहिता’ आणली. त्यात देशाचे हवामानानुसार विभाग आहेत, ‘थंड’ विभाग वेगळा आहे, आणि भिंतींतून किती उष्णता जावी याची मर्यादा अंकांत लिहिलेली आहे. वाचून आनंद होतो. मग पुढची ओळ येते: ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे. आवास योजनेतलं घर २५ चौरस मीटरचं. म्हणजे ज्यांना हीटर परवडतो त्यांच्या भिंतीची काळजी कायद्याने घेतली आणि ज्यांना गोवऱ्या वेचाव्या लागतात त्यांची भिंत त्यांच्यावर सोपवली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. लोकांनाच सिमेंटची घरं हवी असतात. हो, हवी असतात. ऑगस्ट २०१० मध्ये लेहवर ढगफुटी झाली तेव्हा मातीची घरं विरघळून वाहून गेली, माणसांसकट. ते पाहिलेल्या माणसाला मी मातीच्या घराचं सौंदर्य सांगायला जाणार नाही. त्याची भीती शहाणपणाची आहे. पण म्हणून निवड ‘पुरात टिकणारं घर’ की ‘थंडीत टिकणारं घर’ अशी असायचं कारण नाही. सिमेंटच्या भिंतीलाही अस्तर लावता येतं. फक्त त्याचे पैसे लागतात, आणि ते दहा हजारांत बसत नाहीत.

आणि उपाय शोधायचा बाकी आहे अशातलाही भाग नाही. लडाखमध्ये वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस ऊन असतं. फे गावाजवळचं सेकमॉलचं संकुल याच उन्हावर हिवाळा काढतं: दक्षिणेला काच, मातीच्या जाड भिंती, दिवसा ऊन साठवायचं आणि रात्री वापरायचं. दक्षिणेची भिंत काळी रंगवून तिच्यापुढे काच लावायची, की ती दिवसभर तापते आणि रात्री आत ऊब सोडते. याला ट्रोम्ब भिंत म्हणतात. यात रॉकेट सायन्स नाही. गवंडी आहे, काच आहे, थोडा जास्तीचा खर्च आहे. बुखारी अशा घरातही लागते, ढगाळ दिवसांसाठी. पण मग ती घराची मालकीण नसते, पाहुणी असते.

आता तुम्ही म्हणाल, लडाखच्या भिंतीशी आमचा काय संबंध? तुम्ही पुण्यात असाल, कोल्हापुरात असाल. पण मग चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या घरकुलात जाऊन एक दुपार काढा. बाहेर ४६ अंश, वर पत्रा. तेही त्याच योजनेतलं घर, त्याच विचाराचं: चार भिंती आणि छप्पर झालं की घर झालं, आत माणूस भाजतो की गारठतो हे त्याचं त्याने बघावं. तिथे तो कूलर घेतो आणि विजेचं बिल भरतो. इथे ती गोवऱ्या वेचते आणि धूर गिळते. दोघांच्याही घराच्या भिंतीने जे काम करायला हवं होतं ते काम ही माणसं आपल्या शरीराने आणि खिशाने करत आहेत.

म्हणून माझी मागणी भावनेची नाही, हिशोबाची आहे. घरकुलाच्या अनुदानात हवामानाचा वेगळा रकाना हवा, आणि थंड प्रदेशात तो अस्तर, काच आणि मजुरी यांच्या खऱ्या दरावर ठरायला हवा. संहितेतली ५०० चौरस मीटरची अट छोट्या सरकारी घरांसाठी उलटी वाचली जावी: घर जितकं लहान आणि गरीब, तितकी भिंतीची जबाबदारी सरकारची. आणि जोवर हे होत नाही तोवर धूर काढणाऱ्या नळकांड्याकडे बोट दाखवायचा हक्क आपल्याला नाही.

तुमच्याकडून मागायचं ते त्याहून कमी आहे. हिवाळ्यात तिकडे गेलात तर त्या एकाच गरम खोलीत सगळ्यांसोबत बसा. जळणाचे पैसे न विचारता वेगळे द्या. रील करायचीच असेल तर खुशाल करा, पण कॅमेरा आगीवरून उचलून एकदा भिंतीवर फिरवा, आणि खाली तिची जाडी लिहा.