‘शटडाउन’ कळतं, मग ‘शट डाउन’ का अडतं?

महावितरणचा पुरवठा थांबला की यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात पहिला प्रश्न असतो, ब्रेकडाउन झालंय की शटडाउन घेतलंय? ब्रेकडाउन म्हणजे अचानक झालेला बिघाड, शटडाउन म्हणजे दुरुस्तीसाठी मुद्दाम बंद ठेवलेली लाइन. ओलिताच्या पाळीवर बसलेल्या शेतकऱ्याला हा फरक पक्का माहीत असतो, कारण आज मोटार चालेल की नाही ते त्यावरून कळतं. माल नेणारी पिकअप, सेवा केंद्रातलं लॉगिन, दवाखान्यातला फॉलोअप, सगळी इंग्रजी फ्रेझल व्हर्बची, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून होणाऱ्या क्रियापदांचीच पिलावळ. तरी त्याच घरातला मुलगा भरतीच्या पेपरात ‘ब्रेक डाउन’ दिसलं की अडखळतो. दोष त्याचा नाही. ही क्रियापदं आपण यादी करून घोकायला लावतो, घोळ तिथे आहे.

यादीत एका बाजूला ‘टेक ऑफ’ आणि समोर ‘उड्डाण करणे’ असतं. मग वाक्यात कुणी बूट ‘टेक ऑफ’ केले की पाठांतर कामाचं राहत नाही. ‘मेक अप’ तर भांडण मिटवण्यालाही म्हणतात, खोटी सबब रचण्यालाही आणि बुडालेला वेळ भरून काढण्यालाही. अर्थ वाक्यात ठरतो आणि यादीत वाक्यच नसतं. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जातं. एवढ्या वर्षांनंतरही या क्रियापदांची तयारी दोन रकान्यांच्या वहीवर चालावी, हे मला खटकतं.

खरं तर क्रियापदांची ही तऱ्हा आपल्याला परकी नाही. बोलून टाकलं, बोलून बसला, बोलून दाखवलं, बोलून गेला. पहिला शब्द तोच, पण मागच्या शब्दाने मन मोकळं केलं की पस्तावा ओढवून घेतला, हे शाळेत न गेलेलं पोरही ओळखतं. हाच कान इंग्रजीला लावायचा. ‘फाइंड आऊट’ म्हणजे शोधून काढणं, ‘पे ऑफ’ म्हणजे सोसायटीचं कर्ज फेडून टाकणं, ‘ड्राय अप’ म्हणजे उन्हाळ्यात विहीर आटून जाणं. ‘युज अप’, ‘ईट अप’, ‘ड्राय अप’ शेजारी मांडली की ‘अप’ काम पुरतं संपवतो, हे मुलांच्या आपसूक लक्षात येतं. मराठीत मागचा शब्द क्रियापद असतो, इंग्रजीत तसा नसतो, त्यामुळे शब्दाला शब्द जुळणार नाही. पण दोन शब्द मिळून तिसराच अर्थ होतो, ही सवय दोन्हीकडे सारखी आहे.

तांड्यावरच्या मुलाला मराठीच दुसरी भाषा, त्याचं काय, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे; या जिल्ह्यात गोरमाटी आणि कोलामी बोलणारी घरं आहेत. पण ‘बोलून टाकलं’सारखी संयुक्त क्रियापदं भारतात आर्य आणि द्राविडी अशा दोन्ही कुळांतल्या अनेक भाषांत आढळतात. म्हणून शिक्षकाने मराठी उदाहरण लादण्यापेक्षा ‘तुमच्या घरी हे कसं म्हणतात?’ असं विचारावं. मुलांकडून जे येईल, त्यावरूनच पुढे जावं.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. २०२३च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे होते, प्रत्येकी २ गुणांचे. घड्याळ लावून बसलेल्या मुलाला यादीच परवडते, असं शिकवणीवाले सांगतात. मला उलट वाटतं. पर्यायांत एकाच क्रियापदाचे खरे वाटणारे दोन-तीन अर्थ समोर आले की यादीतला एकुलता अर्थ त्याला चुकीच्या गोलाकडे नेतो. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं किंवा ‘गिव्ह इन’ म्हणजे नमतं घेणं, अशी काही कोणत्याच तर्काने उकलत नाहीत. ती खुशाल पाठ करावीत, पण वाक्यासकट. कारण ‘पुट इट ऑफ’मध्ये ‘इट’ मधे बसतं आणि ‘लुक आफ्टर इट’मध्ये शेवटी, हे वाक्याशिवाय कळत नाही.

‘पुट ऑफ’ला ‘पोस्टपोन’ आहेच, मग हा खटाटोप कशाला, असंही म्हटलं जातं. अर्जात ‘पोस्टपोन’ चालेल. पण पुण्याच्या कंपनीत मॅनेजर तोंडी काम सांगतो ते ‘फिल आऊट’, ‘हँड ओव्हर’, ‘चेक आऊट’ अशाच शब्दांत. महागावहून तिथे गेलेल्या पोराला ते पहिल्याच दिवशी कळायला हवं.