अर्ज कोणाकडे करावयाचा?

दहावीची परीक्षा संपली की देहूरोडच्या कष्टकरी वस्त्यांतून एकच प्रश्न विचारला जातो: निकाल लागेपर्यंत पोरगा काय करणार? उत्तरही ठरलेले असते: कोठेतरी चिकटवून द्या. मग कोणी मंगल कार्यालयात वाढपी होतो, कोणी गॅरेजमध्ये हरकाम्या, तर कोणी तळवडे-चिखलीकडील एखाद्या शेडमध्ये पॅकिंगला जातो. काम मिळते ते मामाच्या ओळखीच्या ठेकेदाराकडून. अर्ज नाही, नेमणुकीचे पत्र नाही, पगाराचा आकडाही 'बघू' या शब्दापलीकडे जात नाही. आयुष्यातील पहिल्याच नोकरीत मुलगा जो धडा शिकतो तो हा, की काम ही कोणाची तरी मेहेरबानी आहे, हक्क नव्हे.

हे घडते कोठे? पूर्वेस पिंपरी-चिंचवड, त्यापलीकडे चाकण, पश्चिमेस तळेगाव आणि गावातच दारूगोळ्याचा कारखाना व लष्कराचा डेपो, अशा उद्योगांच्या गराड्यात. एवढ्या पसाऱ्यात सोळा वर्षांच्या मुलाने तीन-चार तासांच्या कामासाठी अर्ज द्यावा अशी एकही खिडकी नाही. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मजूर खाते सांभाळताना, कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे १९४६ चे विधेयक मांडले तेही त्यांनीच. श्रमाचे तास मालकाच्या मर्जीवर न सोडता कायद्यात लिहावेत, हा त्यामागील विचार होता. त्यांचे नाव घेणाऱ्या गावात मुलांच्या तासांचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही.

कायदा नाही म्हणून असे होते काय? मुळीच नाही. २०१६ साली दुरुस्त झालेल्या १९८६ च्या बालकामगार कायद्याने १४ वर्षांखालील मुलांस कामाला लावण्यास मनाई केली; कौटुंबिक व्यवसायाची पळवाट मात्र ठेवली. १४ ते १८ वयाच्या किशोरांस खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत घेता येत नाही. अन्यत्र घेता येते, पण अटींवर. विश्रांतीचा तास धरून दिवसाचे काम सहा तासांपलीकडे जाता कामा नये. सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात काम नाही. जादा काम नाही. आठवड्यास एक सुट्टी हवी. मालकाने मुलाचे नाव, जन्मतारीख व कामाचे तास नोंदवहीत लिहिले पाहिजेत. अर्धवेळ नोकरीचा एवढा आराखडा कायद्याच्या पुस्तकात तयार आहे. मंगल कार्यालयात रात्री बारापर्यंत पंगती वाढणाऱ्या मुलाला याची वार्ताही नसते.

या आराखड्याला सुरुंग लागतो तो एका वाक्याने. ठेकेदार सांगतो, "कोणी विचारले तर वय अठरा सांग." सोळा म्हटले की सहा तासांची मर्यादा आली, नोंदवही आली, निरीक्षक आला. अठरा म्हटले की बारा तासांची पाळीही चालते. या खोट्याचा लाभ सर्वस्वी ठेकेदाराचा; मात्र ते वदवून घेतले जाते मुलाच्या तोंडून. उद्या यंत्राखाली बोट गेले तर लबाड ठरणार तो मुलगाच. आणि बोटावरच भागेल याची तरी शाश्वती कोठे आहे? ८ डिसेंबर २०२३ रोजी देहूरोडपासून काही मैलांवरील तळवड्यात, केकवर लावावयाच्या फुलबाज्या बनविणाऱ्या अनधिकृत कारखान्यास आग लागली आणि तेथे राबणाऱ्या स्त्रिया होरपळून मेल्या. ज्या शेडला परवानाच नाही तिच्या हजेरीपटावर कोणाचे खरे वय शोधावयाचे?

काही सहृदय मंडळी म्हणतात की, या वयात मुलांनी शिकावे, कामच करू नये. हेतू चांगला, पण घरातील चुलीचा हिशेब त्यात नाही. शिवाय मुलांची काळजी वाहणाऱ्या देशांनीही सरसकट मनाई केलेली नाही. जर्मनीतील १९७६ चा कायदा तेरा वर्षांच्या मुलासही पालकांच्या संमतीने दिवसाला दोन तास हलके काम करू देतो. प्रश्न काम असावे की नसावे हा नसून, ते उजेडात असावे की अंधारात, हा आहे.

कारखानदारांचा युक्तिवाद वेगळा: मुलांना कामाचे वळण लागते. सरकारनेही त्या वळणाला 'प्रशिक्षण' असे गोंडस नाव दिले आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवार हा कामगार नव्हे असे स्पष्टच म्हटले. २०१३ साली आलेल्या 'नीम' योजनेने प्रशिक्षणार्थ्यांस भविष्यनिर्वाह निधीसारख्या वैधानिक देण्यांतून वगळले. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्या तरुणास महिना ६,००० रुपये विद्यावेतन ठरले. तेही वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर. वळण मुलाला लागते की फुकटात श्रम घेण्याचे मालकाला?

महाराष्ट्राला याहून चांगली परंपरा आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा व शिका' हे तत्त्व रुजविले. तेथे काम शिक्षणाच्या सोयीने बेतलेले होते. आज शिक्षण ठेकेदाराच्या पाळीच्या सोयीने बेतले जात आहे.

म्हणून मागणी साधी असावी. प्रत्येक माध्यमिक शाळेत व कनिष्ठ महाविद्यालयात अर्धवेळ कामांचा फलक असावा. मराठीत छापलेला अर्ज असावा. त्यावर खरी जन्मतारीख, कामाचे तास आणि किमान वेतनाच्या प्रमाणात ठरलेला मोबदला नमूद व्हावा. एक प्रत पालकाकडे, एक कामगार खात्याकडे जावी. ग्रंथालये, सहकारी भांडारे, कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि महानगरपालिका यांनी अशी कामे प्रथम खुली करावीत.

आणि कार्यकर्त्यांनी? वस्तीतील मुलाला ठेकेदाराच्या नावे चिठ्ठी देऊन 'चिकटवून' दिले, यात अनेकांना समाजकार्य केल्याचे समाधान वाटते. ती चिठ्ठी मेहेरबानीच्या साखळीतील आणखी एक कडी आहे. चिठ्ठी लिहिण्याऐवजी त्या मुलाजवळ बसून त्याला अर्ज लिहावयास शिकवावे, आणि वयाच्या रकान्यात त्याचे खरे वय लिहावयास लावावे. त्या खऱ्या वयानिशी त्याला काम मिळेपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहणे, हे संघटनेचे काम आहे.