फ्लॅटमध्ये हेवी गिटार? शेजाऱ्यांना न उठवताही जमतं

नागपुरातल्या फ्लॅटमध्ये मेटल रेकॉर्ड करायचं म्हटलं की आधी शेजारी आठवतात. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री दहानंतर 45. मोठा अ‍ॅम्प त्यात बसणं शक्यच नाही.

पण आता त्याची गरजही नाही. गिटार ऑडिओ इंटरफेसमधून थेट लॅपटॉपला जोडा. अ‍ॅम्पचं काम ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’सारखं मोफत सॉफ्टवेअर करतं. ‘स्कायहार्बर’ बँडची सुरुवातही दिल्लीत केशव धर यांच्या घरच्या रेकॉर्डिंगमधूनच झाली.

मग आपला टोन माशी गुणगुणल्यासारखा का वाटतो? बहुतेकदा गेन जास्त असतो. डिस्टॉर्शन वाढलं की पिकचा ठोका दबतो. गेन कमी करा आणि तीच रिफ दोनदा वाजवा. एक टेक डावीकडे, एक उजवीकडे. कॉपी-पेस्ट चालत नाही, कारण दोन टेकमधला बारीक फरकच आवाज रुंद करतो. खालचं वजन बेस गिटारवर सोडा. आपल्याला ‘जड गिटार’ वाटते त्यात बराच वाटा बेसचाच असतो.

आणि हो, उन्हाळ्यातला कूलर! माइक नसल्याने त्याची घरघर रेकॉर्ड होत नाही, पण मोटरजवळ बसलात तर पिकअप विजेची हम पकडतो. थोडं लांब सरकून, गिटारची दिशा बदलून बघा.