आवर्तसारणींतील मोकळ्या जागा

तिकोणा पेठेवरील गडाचा काळा कातळ बव्हंशीं ऑक्सिजन व सिलिकन यांनीं घडलेला असून त्यांत लोह, अ‍ॅल्युमिनियम आदि धातूही आहेत. अशा मूलद्रव्यांची आवर्तसारणी विद्यार्थी नुसती घोकतात, हें आम्हांस इष्ट वाटत नाहीं. आज ज्ञात असलेलीं ११८ मूलद्रव्यें अणुक्रमांकानुसार ७ आवर्तांत मांडिलीं आहेत. एका उभ्या गणांतील अणूंच्या बाह्य इलेक्ट्रॉनांची रचना बहुधा सारखी, म्हणून गुणधर्मही मिळतेजुळते. हा नियम ज्यास उमगला, त्यास उणीवही नेमकी दिसते.

१८६९ सालीं मेंडेलीव्ह यांनीं अणुभारांवरून कोष्टक रचिलें. तें भरलेलें दिसावें म्हणून त्यांनीं भलतीं द्रव्यें तेथें कोंबिलीं नाहींत. जागा मोकळ्या ठेवून, संस्कृतांतील ‘एक’ शब्द योजून, अज्ञात द्रव्यांस ‘एक-अ‍ॅल्युमिनियम’ अशीं नांवें दिलीं व त्यांचे गुणधर्म आगाऊ वर्तविले. पुढें १८७५ त गॅलियम, १८७९ त स्कँडियम व १८८६ त जर्मेनियम सांपडून त्या जागा भरल्या.

सबब पालकांस आमची विनंती कीं, मुलानें ‘हें मला ठाऊक नाहीं’ असें प्रांजळपणें म्हटल्यास त्यास दटावूं नये. दडपून दिलेल्या उत्तरापेक्षां विचारपूर्वक राखलेली मोकळी जागा ज्ञानास अधिक उपकारक होय.