वस्तरा, मूठ आणि मर्यादा

महाड किंवा पोलादपूरच्या एखाद्या जुन्या घरातील फडताळात आजोबांचा घडीचा वस्तरा सापडला, तर नव्या पिढीला त्याचे अप्रूप वाटते. शेफील्ड व सोलिंगेन येथील असे वस्तरे जगभरचे हौशी जमवतात आणि त्यांनीच दाढीही करतात. पाते पोलादाचे असल्याने सावित्रीकाठच्या पावसाळी हवेत ते लवकर गंजते. ते कोरडे पुसून त्यास खनिज तेलाचा हात द्यावा.

श्रावकाने मात्र पात्याआधी मूठ पाहावी. जुन्या मुठी शिंगाच्या, हस्तिदंताच्या, कासवाच्या कवचाच्याही असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन आयात हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. वारशाने आलेली अशी वस्तू विकता येत नाही. धार लावण्याचा पट्टा बहुधा चामड्याचा, ब्रश डुकराच्या वा बॅजरच्या केसांचा. त्याऐवजी लाकडी मूठ, कॅनव्हासचा पट्टा व कृत्रिम तंतूंचा ब्रश मिळतो.

आपले मुनी केशलोच करतात. त्यांना वस्तऱ्याचाही परिग्रह नाही. श्रावकाचे पाचवे अणुव्रत परिग्रहाला परिमाण घालण्याचे. आजोबांचा एक वस्तरा स्मृती म्हणून जपावा. दुसरा घेण्यापूर्वी संख्या ठरवावी.