गोल पोटाचे गुपित

गेल्या दिवाळीत फराळाचे डबे भरत असतानाच आमच्या चिरंजीवांनी कुत्र्याचे पिल्लू घरात आणले. त्याचे नगाऱ्यासारखे पोट पाहून मी म्हणालो, “चांगल्या खात्यापित्या घरचे दिसते!” दुसऱ्याच दिवशी त्याने शेवयांसारखे जंत ओकले.

“अहो, मुलांच्या जंतांच्या औषधातले थोडे द्या की,” सौभाग्यवती म्हणाल्या. मी बाटली उघडलीही. पण धीर होईना. पिल्लू उचलून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी त्याला तराजूत बसवले.

“औषध वजनावर द्यायचे, अंदाजावर नव्हे!”

जंत पिल्लाला आईच्या पोटातच मिळतात, दुधातूनही येतात. म्हणून दोन आठवड्यांचे होताच पहिला डोस, आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला आणि पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा. एका डोसाने भागत नाही. अंगात दडलेल्या अळ्या मागाहून आतड्यात उतरतात.

निघताना ते हळूच म्हणाले, “विष्ठेतली अंडी मातीत मुरतात. मातीच्या हातांनी मुलांच्या पोटात गेली, तर क्वचित डोळाही जातो.”

त्या दिवसापासून विष्ठा रोजच्या रोज उचलणे माझ्याकडे, साबणाने हात धुणे चिरंजीवांकडे. पिल्लाचे पोट आता सपाट आहे. माझ्या पोटाचे फराळानंतर पाहू!