पाण्यावरचे पाच दिवस

मैत्रिणींनो, आपल्या धाराशिवच्या बायकांना पाणी म्हटले की आधी हंडा आठवतो, समुद्र मागाहून. त्यामुळे यंदा भिशीचा माझा नंबर लागला आणि सोलापूरच्या वन्संचा फोन आला, तेव्हा मी गडबडलेच. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, त्या पैशांची घरघंटी घेऊ नका. लक्षद्वीपला जहाजाने जाऊ. आपण दोघीच!"

दोघीच! लग्नाला चौदा वर्षे झाली; माहेर सोडले तर घराबाहेर मी कधी राहिलेच नव्हते. शाळेतले माझे तास दुपारचे तीन, बाकीचा दिवस घराचा. त्यातून आमच्या गल्लीत नळाला पाणी येते आठवड्याने. "मी नसले तर पाणी कोण भरणार?" मी विचारले. शेंगा निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काय बिनपाण्याचं ऱ्हाऊ व्हय? जा तू." खरे तर बरे वाटायला हवे होते, पण का कोण जाणे, जरा लागलेच!

सोलापूरहून रेल्वेने एर्नाकुळम आणि कोचीच्या बंदरातून 'एम. व्ही. कवरत्ती' हे जहाज. पाच दिवसांच्या या सहलीचे नाव 'समुद्रम्'. रात्र जहाजावर आणि दिवस बेटावर. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटे. पहिल्या रात्री पोटात ढवळले, पण आलेपाकाने तारले. सकाळी डेकवर आले तो चहूकडे नुसते निळे पाणी. समोर आयता चहा आला आणि माझ्या हातांना काय करावे तेच कळेना. खोलीत जाऊन मी सवयीने सगळ्या बाटल्या भरून ठेवल्या, न्हाणीतली बादलीही भरली. वन्सं हसून म्हणाल्या, "वहिनी, इथला नळ जात नाही हो!"

कवरत्तीला जहाज दूर उभे राहिले. लहान बोटीत उतरताना जीव मुठीत होता, पण काचेसारख्या पाण्याखाली पोवळी दिसली आणि भीती पळाली. बेट इतके लहान, की एका बाजूचा समुद्र पाहून वळावे तो दुसऱ्या बाजूचा दिसावा. अशा ठिकाणी प्यायला पाणी कुठले? जमिनीत गोड्या पाण्याचा पातळ थर असतो, तो खाऱ्या पाण्यावर तरंगतो. जास्त उपसा केला की विहीर खारी. आपल्याकडे बोअर आटते, तिथे खारट होते, दुखणे एकच.

त्यावर २००५ साली तिथे एक युक्ती केली गेली. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारला, रोज एक लाख लिटरचा. वरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवले की आतून थेंब जमतात ना, तसेच समजा. समुद्राचे वरचे कोमट पाणी एका टाकीत घेतात. तिथली हवा ओढून घेतलेली असल्यामुळे त्या कोमटपणावरच वाफ होते. मग सुमारे ३५० मीटर खोलवरून आणलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करतात, की झाले गोडे पाणी! मीठ मागेच राहते. ते ऐकताना मला २०१६ चा उन्हाळा आठवला. शेजारच्या लातूरला तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

तिथूनच घरी फोन लावला. तो दिवस आमच्या नळाचा. "अहो, पाणी आलं का?" हे म्हणाले, "आलं, भरलं. तू मासे बघ." बस्स, एवढेच! मी थोडा वेळ माडाखाली बसून राहिले. चौदा वर्षे वाटत होते, की मी नसले तर घर अडेल. अडले नव्हते. हे सुख की दुःख, तेच कळेना.

कल्पेनीत कळले, की लक्षद्वीपमध्ये मुली प्रथम शाळेत गेल्या त्या याच बेटावर. शाळामास्तरीण म्हणून मला मोठा अभिमान वाटला. मिनिकॉयला १८८५ चा दीपगृहाचा मनोरा पाहिला. तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर चाकरीला, म्हणून घर आणि गावही बायका सांभाळतात. घराणे आईकडून चालते. वन्सं हळूच म्हणाल्या, "म्हणजे तिथंही घर बाईच्याच अंगावर!" खरेच, मान असला म्हणून ओझे हलके होते थोडेच?

घरी आले तर पिंप काठोकाठ. माठाला फडके उलटे बांधलेले, हंडे ओळीने नव्हते, मोरीत शेवाळ. हात शिवशिवले, पण म्हटले, राहू दे. माझ्या हातचे नसले तरी पाणी होते. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात कागद लावला: नळाच्या दिवशी पाळीपाळीने सगळ्यांनी भरायचे, मुलानेही आणि मुलीनेही. पहिल्या पाळीला पोराने अर्धी बादली सांडली. मी फडके त्याच्याच हाती दिले.

जाणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन गोष्टी. लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना लागतो, तेव्हा कागदपत्रे वेळेत करा. मळमळणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी बसून क्षितिजाकडे पाहावे, पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि गोळी हवीच तर डॉक्टरांना विचारून घ्यावी.

आणि हो, घरघंटी राहिलीच. पण पुढच्या भिशीत सासूबाईंनी स्वतःचे नाव घातले आहे. विचारले तर म्हणतात, "म्या बी समुद्र बघीन की!"